ऑर्डरच्या स्टेटससाठी स्टेट मशीन वापरू का? वापरच
भावा, शिरोलीतल्या फौंड्रीच्या ऑर्डरी ट्रॅक करायला तू ओतकाम झालं, फेटलिंग (ओतलेल्या नगावरचा जादा धातू काढणं) झालं, पास, रिजेक्ट, बिल, डिस्पॅच असे सहा हो-नाही कॉलम ठेवलेस आणि विचारतोयस स्टेट मशीन घालू का (म्हणजे ऑर्डर एका वेळी एकाच स्टेटमध्ये, आणि ठरलेल्या इव्हेंटनंच पुढच्या स्टेटला जाणार), तर घालच. सहा बुलियन (हो-नाही) कॉलम म्हणजे 64 कॉम्बिनेशन, त्यातली कामाची मोजकीच, बाकी सगळा रिजेक्ट पण आणि डिस्पॅच पण असला घोळ, आणि तो अडवायला प्रत्येक फंक्शनमध्ये इफ लिहीत बसायचं.

त्यापेक्षा स्टेटसचा एकच कॉलम ठेव आणि एक टेबल कर: आत्ताची स्टेट, इव्हेंट, पुढची स्टेट. 'इन्स्पेक्शन'ला 'पास' आलं की 'डिस्पॅचला तयार', 'रिवर्क' आलं की परत 'फेटलिंग', जोडी टेबलात नसेल तर सरळ एरर. ह्याची प्रिंट काढून सुपरवायझरला दाखव, कुठं चुकलंय ते तो लगेच सांगेल, माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा.

खरी गोची पुढं आहे. 200 नगांतले 12 रिजेक्ट झाले तर ऑर्डरची स्टेट काय सांगणार? म्हणून स्टेट ऑर्डरला नको, लॉटला (एकत्र चालणाऱ्या नगांच्या गठ्ठ्याला) लाव, आणि रिजेक्ट निघाले की लॉट फोड. डेटाबेसमध्ये अपडेट करताना वेअरमध्ये (कुठली रो बदलायची त्या अटीत) आयडीबरोबर जुनी स्टेट पण घाल, एकही रो बदलली नाही तर समज दुसऱ्या कुणीतरी आधीच बटण दाबलंय. एसएमएस वगैरे कमिट झाल्यावरच, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावरच पाठव.

बिलिंग समांतर चालत असेल तर त्याचं मशीन वेगळं कर. पायथनला ह्यासाठी ट्रान्झिशन्स नावाची लायब्ररी आहे, पण एवढ्याला पायथनची साधी डिक्शनरी (की-व्हॅल्यूच्या जोड्या) पुरते.