सापळे भरतात, तरी फळं का किडतात?

प्रश्न : बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगले आहेत. दर आठवड्याला मूठभर फळमाश्या सापडतात, तरी पेरू आणि आंबे किडकेच निघतात. सापळे वाढवावेत का?

उत्तर : नुसते सापळे वाढवून उपयोग होणार नाही. सापडलेल्या माश्या तळहातावर घेऊन पाहा. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची टोकदार नळी असते. ती यातल्या बहुधा एकीलाही दिसणार नाही, कारण मिथाइल युजेनॉलच्या वासाला नर भुलतात. फळाला डंख मारते ती मादी, आणि ती त्या वासाकडे फिरकत नाही.

शिवाय एक नर अनेक माद्यांशी जुळतो. त्यामुळे दहातले नऊ नर मेले, तरी उरलेल्या एकावर माश्यांची पुढची पिढी उभी राहू शकते. पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात केवळ नर मारून ही माशी संपवली गेली. पण तिथे साऱ्या बेटावर आमिषाचे तुकडे टाकले होते आणि चहूकडे समुद्र होता. एकट्या बागेचं तसं नसतं. शेजारून आधीच फळलेल्या माद्या उडत येतात आणि थेट फळावर बसतात.

सापळे मात्र काढू नका. एकरी ४ ते ६ पुरेत. ते सावलीत, साधारण दीड मीटर उंचीवर टांगा, तारेला ग्रीस लावा (नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि मोजणी चुकते) आणि ६ ते ८ आठवड्यांनी आमिष बदला. आकडा चढू लागला की मादीसाठीचं काम सुरू करायचं. सापळ्याचा खरा उपयोग हा इशारा मिळण्यापुरता.

मादीला गाठायचं ते तिच्या भुकेवर. कोषातून बाहेर पडते तेव्हा तिची अंडी कच्ची असतात. ती पिकायला एक-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात तिला प्रथिनं हवी असतात. मग ती मावा-तुडतुड्यांचा चिकटा, पक्ष्यांची विष्ठा, पानांवरचे जिवाणू चाटत फिरते. म्हणून प्रथिनयुक्त आमिषात शिफारस केलेलं कीटकनाशक मिसळून दर झाडाच्या पानांवर, शक्यतो खालच्या बाजूला, सुमारे एक चौरस मीटरच्या पट्ट्यात ठिपके मारायचे. झाडाला ५० ते १०० मिली पुरतं. थेंब मोठे हवेत. बारीक तुषार लगेच वाळतात आणि माशी वाळलेल्या आमिषाला तोंड लावत नाही. फळावर फवारू नका. दर ७ ते १० दिवसांनी पुन्हा मारा, आणि पाऊस झाला की वाट न पाहता लगेच. बागेच्या कडेची झाडं सोडू नका, मादी बाहेरून येते ती तिथूनच.

प्रश्न : गळालेली फळं रोज वेचून वीतभर खड्ड्यात पुरतो. तरी माश्या कमी होत नाहीत.

उत्तर : वेचणं उत्तम, खड्डा उथळ. गळालेलं फळ कापून पाहा. गराच्या तपकिरी, पाणचट भागात पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतील. पूर्ण वाढलेली अळी जवळपास १ सेंटिमीटरची असते. ती तोंडाच्या आकड्याने स्वतःचंच शेपूट पकडते, धनुष्यासारखी ताणते आणि सुटली की काही सेंटिमीटर दूर उडते. फळातून निघून मातीत शिरायची तिची तयारी असते. एरवी ती वरच्या २ ते ५ सेंटिमीटर मातीत कोष करते आणि उष्ण हवेत ८ ते १२ दिवसांत माशी बाहेर येते. वीतभर भुसभुशीत माती ती सहज पार करते. खड्डा निदान दोन फूट खोल हवा आणि वरची माती घट्ट दाबलेली.

याहून सोपं म्हणजे फळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड बांधून, दोन आठवडे कडक उन्हात ठेवणं. पिशवीला भोक असेल तर सगळी मेहनत वाया जाते, कारण अळ्या तिथूनच निसटतात. कंपोस्टच्या ढिगाच्या कडाही थंड असतात, तिथे अळ्या जगतात.

हवाईत यापुढे जाऊन वेचलेली किडकी फळं ठेवायला एक तंबू वापरतात. त्याची जाळी इतकी बारीक की माशी अडते, पण तिच्यावर वाढणारी मित्रगांधील सुटते. फोपियस अरिसॅनस ही त्यातली महत्त्वाची. ती माशीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते आणि पुढे माशीऐवजी कोषातून तीच बाहेर पडते. सरसकट विषारी फवारणीत या गांधिली आधी मरतात, म्हणूनही वरचे ठिपके बरे.

आणखी एक. मुख्य पीक संपलं की माशी उपाशी मरते असं समजू नका. बांधावरचा देशी बदाम, करमळ, चिकू, जांभूळ तिला मधले महिने काढून देतात. वेचणी तिथेही हवी.

प्रश्न : झाडावरच्या ओंबील, म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, काढून टाकाव्यात का?

उत्तर : तोडणीला चावतात हे खरं, पण शक्य तितक्या राखा. त्या फळावरून फिरतात, अंडी घालायला आलेल्या मादीला हुसकावतात, आणि त्यांचा माग राहिलेल्या फळावर माशी बसायलाही कचरते. तोडणी पहाटे करा, तेव्हा त्या थंडावलेल्या असतात. या मुंग्या चिकटा देणाऱ्या किडींना सांभाळतात, हा तोटा आहे. एखाद्या फांदीवर खवलेकीड वाढली तर तेवढी फांदी छाटा.

प्रश्न : पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी चिलटं हीच फळमाशी का?

उत्तर : नाही. ती ड्रोसोफिला, आंबू लागलेल्या फळाच्या वासाने येणारी. बागेतली फळमाशी घरमाशीएवढी, पिवळ्या पट्ट्यांची असते आणि झाडावरच्या धड फळाला डंख मारते.