एक्सकॉममध्ये ९५ टक्क्यांचा नेम चुकतो, म्हणजे क्लासिक पातळी नशिबाची आहे का?

'एक्सकॉम: एनिमी अननोन' हा परग्रहवासीयांशी पाळीपाळीने लढण्याचा संगणकीय खेळ नॉर्मल पातळीवर आपण सहज पूर्ण केला, पण त्याहून अवघड अशा क्लासिकवर दुसऱ्याच महिन्यात डाव हातचा जातो आणि लागण्याची शक्यता ९५ टक्के दाखवलेले नेमही चुकतात, असे आपण लिहिले आहे. वरच्या पातळीवर हा खेळ केवळ नशिबाचा होतो का आणि त्यात सुधारणा कशी करावी, हा आपला प्रश्न आहे. पहिल्या भागाचे माझे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणाऱ्या मित्राकडून "हा सगळा नशिबाचा खेळ आहे" हे वाक्य मी दोन वर्षे ऐकले आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

खेळ २०१२ मध्ये आला आणि आम्ही तो २०१३ मध्ये पुण्यात माझ्या लॅपटॉपवर खेळू लागलो. मी क्लासिक आणि आयर्नमॅन असे दोन्ही पर्याय निवडले होते, म्हणजे जतन केलेली नोंद (सेव्ह) एकच आणि मागे जाण्याची सोय नाही. सैनिकांना मी वसतिगृहातल्या मुलांची नावे दिली होती आणि पुढे घुसून लढणाऱ्या असॉल्ट सैनिकाला याच मित्राचे नाव होते. दुसऱ्या महिन्यात भारतातली अपहरणाची मोहीम आली. पेट्रोल पंपाचा नकाशा, चार जणांची तुकडी, आणि समोर दोन सेक्टॉइड, म्हणजे सर्वांत साधे परग्रहवासी, त्यांपैकी एक आम्ही टिपलेला. उरलेला एक अर्ध्या आडोशामागे बसला होता. माझ्या तिघांची पाळी वापरून झाली होती, त्यात सपोर्ट सैनिकाला मी ओव्हरवॉचवर, म्हणजे शत्रू हलला की गोळी झाडण्याच्या पवित्र्यात, ठेवले होते. शेवटी असॉल्टला 'रन अँड गन' (लांब धावूनही गोळी झाडण्याचे कौशल्य) देऊन मी दुकानाच्या मागून धावत नेले, शत्रूची बगल, म्हणजे आडोसा आड येत नाही अशी बाजू, मिळवली, आणि पडद्यावर ९५ टक्के दिसले. पण त्या धावेत तो ज्या कोपऱ्यावर पोहोचला तिथून तीन फ्लोटर, म्हणजे उडणारे शत्रू, हेही दिसले, आणि तेही आम्हाला पाहून लगेच पांगले. त्यानंतर मी बटण दाबले आणि नेम चुकला.

पुढच्या पाळीत चौघांनी मिळून असॉल्टला मारले. त्याला पडताना पाहून स्नायपरचा धीर सुटला. ज्या मोटारीमागे माझे उरलेले दोघे लपले होते तिने पेट घेतला, आणि त्या मोटारी फुटतात हे मला ठाऊक असूनही त्यांना तिथून हलवायला मला वाव उरला नव्हता. तीन पाळ्यांत तुकडी संपली. देशावर उपग्रह सोडला की तिथली घबराट उतरते, पण भारतावर माझा उपग्रह नव्हता, घबराट टोकाला गेली आणि महिनाअखेरच्या अहवालात भारत आपल्याला पैसा पुरवणाऱ्या देशांच्या परिषदेतून बाहेर पडला. चीन, जपान आणि ऑस्ट्रेलियाबरोबर खेळातल्या आशिया खंडात येणारा आपला देश नकाशावरून गेल्याचे मला मनापासून वाईट वाटले. मित्र मात्र म्हणाला, "बघ, पाच टक्क्यांनी मारलं. यात तू काय करणार होतास?"

मी काय करणार होतो, याचे उत्तर मला त्या रात्री झोपण्यापूर्वी सापडले. त्या सपोर्ट सैनिकाच्या कमरेला ग्रेनेड होता, सेक्टॉइड त्याच्या टप्प्यात होता, क्लासिकवर सेक्टॉइडला तीनच गुण प्राण असतात आणि साधा ग्रेनेड नेमके तीन गुण इजा करतो. ग्रेनेड चुकत नाही. तो मी फेकला नाही, कारण स्फोटात मेलेल्या शत्रूच्या शस्त्रांचे तुकडे संशोधनासाठी मिळत नाहीत आणि मला ते हवे होते. माझ्याजवळ शंभर टक्क्यांचा उपाय असताना मी ९५ टक्क्यांचा घेतला, आणि तोही पाळीतल्या शेवटच्या माणसाला अंधारात धाडून. मोहीम हरली ती नेमाच्या आधीच्या या दोन निर्णयांत. नेम लागला असता तरी त्या तीन फ्लोटरांसमोर उत्तर द्यायला माझ्याकडे एकही मोकळा सैनिक नव्हता.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर यातच आहे. शत्रू टोळीटोळीने असतात आणि एखादी टोळी आपल्या नजरेस पडली की तिला आडोसा गाठण्यासाठी एक फुकट चाल मिळते. ती चाल आपल्या पाळीच्या सुरुवातीला खर्ची पडली तर बाकीचे सैनिक तिच्यावर तुटून पडू शकतात, पाळीच्या शेवटी पडली तर तीच टोळी पुढच्या क्षणी आपल्यावर तुटून पडते. म्हणून नवी जमीन पहिल्या सैनिकाच्या पहिल्या चालीने उघडावी, शेवटच्याने नव्हे, आणि एका टोळीशी लढत असताना पुढे न जाता आधी पाहिलेल्या जमिनीवरूनच बगल शोधावी. नॉर्मलवर ही चूक खपून जाते, म्हणून ती आपल्या अंगवळणी पडलेली असते. आडोशाचा हिशेबही असाच उघड आहे: अर्धा आडोसा नेमातून २० वजा करतो, पूर्ण आडोसा ४०. नवख्या सैनिकाचा नेम ६५ असतो, म्हणजे अंतराचा फरक बाजूला ठेवला तर पूर्ण आडोशातल्या शत्रूवर त्याला २५ टक्केच मिळतात, आणि असा नेम घेत बसणे म्हणजे पाळी वाया घालवणे होय. आधी स्फोटकाने आडोसा उडवावा, मग बंदूक उचलावी.

टक्क्यांविषयी माझ्या मित्राचा सर्वांत मोठा पुरावा वेगळाच होता, आणि तो मला इथे खोडून काढायचा आहे. आयर्नमॅनशिवायच्या त्याच्या स्वतःच्या डावात त्याने एक हुकलेला नेम जुनी नोंद उघडून पुन्हा घेतला, तो पुन्हा हुकला, मग त्याने सात वेळा तेच केले आणि सातही वेळा हुकला. "निकाल आधीच ठरलेला असतो, गेम फसवतो," असे तो आजही सांगतो. वस्तुस्थिती अशी आहे की या खेळात यादृच्छिक आकड्यांचे बीज (ज्या आकड्यापासून पुढचे सगळे 'फासे' ठरतात तो) नोंदीबरोबर जपले जाते, त्यामुळे तीच कृती त्याच क्रमाने केली की तोच निकाल येतो. आधी दुसऱ्या सैनिकाने गोळी झाडली की आकडा बदलतो. हे मी त्याच रात्री त्याच्यासमोर करून दाखवले होते. पुढे २०१३ मध्येच आलेल्या 'एनिमी विदिन' या विस्तारित आवृत्तीमध्ये नोंद उघडताना बीज बदलण्याचा पर्यायही देण्यात आला. ही फसवणूक नव्हती; नोंद उघडून नशीब उजळण्याची सवय लागू नये, एवढाच त्या रचनेचा परिणाम होता. ९५ टक्क्यांबद्दल म्हणाल तर असे २० नेम घेतल्यास त्यांपैकी किमान एक हुकण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते, म्हणून हुकणे गृहीत धरूनच पाळी आखावी. सारीपाटातही फासे पडतात, पण एका दानावर सगळा डाव लावणाऱ्याला कोणी चांगला खेळाडू म्हणत नाही.

उपग्रहांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण क्लासिकवरचे बरेचसे डाव रणांगणापेक्षा तिथे जातात. उपग्रह बनायला २० दिवस लागतात, म्हणून तो महिन्याच्या सुरुवातीलाच मागवावा. तळावर बांधायच्या एका अपलिंक केंद्रावर दोनच उपग्रह चालतात, त्यामुळे अपलिंकची जागा आधी पाहावी. आणि जिथे घबराट सर्वाधिक आहे त्या देशावर महिना संपण्याच्या बेताला तो सोडावा. तीन ठिकाणांच्या अपहरणांतून एकच निवडता येते आणि उरलेल्या दोन देशांत घबराट वाढते. आठ देश गेले की खेळ संपतो.

आता काही गोष्टी मला मान्य कराव्या लागतील. पहिल्या महिन्यात, हाती चार नवखे सैनिक असताना, सगळे बरोबर करूनही कधी कधी मोहीम हातची जाते, आणि तेवढ्यापुरते मित्राचे म्हणणे खरे आहे. खालच्या पातळीवर खेळ आपल्याला सांभाळून घेतो हा आपला संशयही निराधार नाही: २०१६ च्या 'एक्सकॉम २'मध्ये खालच्या पातळ्यांवर दाखवलेल्या टक्क्यांमागे खेळाडूच्या बाजूने लपवलेली मदत होती आणि सर्वांत अवघड 'लेजंड' पातळीवर ती नव्हती. शिकत असताना आयर्नमॅन घेऊ नये, हेही मी आता मानतो. मी तो हट्टाने घेतला होता. आणि क्लासिकनंतर आपण त्याहूनही अवघड इम्पॉसिबल पातळीकडे जाणार असाल, तर ग्रेनेडचा माझा सल्ला तसाच नेऊ नका, कारण तिथे सेक्टॉइडला चार गुण प्राण असतात आणि स्फोटानंतरही तो एका गुणाने जिवंत राहतो. तिथे ग्रेनेडमागोमाग गोळी झाडणारा दुसरा सैनिक त्याच पाळीत मोकळा ठेवावा लागतो.