थ्रिलर सिनेमा कसा बदलत गेला? आणि आपले थ्रिलर म्हणजे सगळी हॉलिवूडची कॉपी का?

कॉपी झालीय, भरपूर झालीय, त्यात वाद नाही. पण सगळंच तिकडून आलं हे मला अजिबात पटत नाही, कारण गाण्याने भीती घालायची ही कला आपल्या लोकांनी कमावलेली आहे.

सुरुवात तिकडचीच, म्हणजे परदेशातली. ब्रिटिश दिग्दर्शक हिचकॉकचा 'द लॉजर' १९२७ चा, मूकपट. मग १९३१ ला जर्मनीत फ्रिट्झ लांगचा 'एम' आला, त्याचा पहिलाच बोलपट, आणि त्यात लहान मुलांना मारणारा खुनी सारखी एक धून शिटीवर वाजवतो आणि त्याला ओळखतो कोण, तर फुगे विकणारा आंधळा माणूस, नुसत्या त्या शिटीवरून! म्हणजे आवाज हाच पुरावा.

आता १९४९ चा 'महल' बघा. रिकामी हवेली, मध्यरात्र आणि लांबून जवळ येत जाणारं 'आएगा आनेवाला'. लताबाईंचा जन्म आमच्या इंदूरचा, त्यामुळे इथे सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गप्पा रंगल्या की हा विषय निघतोच, की तेव्हा रेकॉर्डवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं, सिनेमातल्या कामिनीचं नाव होतं. पुढे 'बीस साल बाद' (१९६२) आला, मूळ शेरलॉक होम्सच्या गोष्टीवरून घेतलेला, पण हीरोला रात्री बाहेर ओढतं ते 'कहीं दीप जले कहीं दिल', ते काही होम्सकडे नव्हतं. 'वो कौन थी' मध्ये (१९६४) 'नैना बरसे' तेच काम करतं. ही गाणी काढून बघा, सस्पेन्सचा जीवच जातो.

उलट बाजूही तितकीच भारी आहे. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) आणि यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९), दोन्हीत एकही गाणं नाही आणि तरी लोक शेवटपर्यंत हलत नाहीत.

नंतरच्या काळात मोठा बदल हा झाला की खुनी कोण हा प्रश्नच मागे पडला. 'जॉनी गद्दार' (२००७) मध्ये गद्दार कोण हे आपल्याला माहीत असतं, मल्याळम 'दृश्यम' (२०१३) मध्ये तर सगळं डोळ्यांसमोर घडतं, आणि आपण गुन्हा लपवणाऱ्याच्याच बाजूने जीव मुठीत धरून बसतो. 'अंधाधुन' (२०१८) एका फ्रेंच शॉर्ट फिल्मवरून सुचलेला, मान्य, पण समोर प्रेत पडलंय आणि आंधळ्याचं सोंग घेतलेला हीरो पियानो वाजवतोय हा सीन मला जगातल्या कुठल्याही थ्रिलरच्या तोडीचा वाटतो.

आणि कॉपीचंच म्हणाल तर राजा परांजप्यांचा मराठी 'पाठलाग' (१९६४) बघाच. वकिलाची बायको वारलेली आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई आरोपी म्हणून समोर येते. हिंदीवाल्यांनी दोनच वर्षांत त्याचा 'मेरा साया' केला. आधी 'पाठलाग' बघा, मग 'मेरा साया', दोन्ही लागोपाठ बघितले तर जास्त मजा येईल.