आधी तुझं ताट वाढून घे

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला. "मावशी, लवकर दिवस जायला काय खाऊ" आणि खाली चार व्हिडिओच्या लिंका. त्यातल्या दोन बघितल्या, एकात बाई अंजीर विकतीय, दुसऱ्यात कसली तरी पावडर. तीस वर्षं तासगावकडच्या उपकेंद्रात नर्स म्हणून काढली मी, एक फळ खाल्लं आणि दिवस गेले असं काय अजून बघितलं नाही.

मला आधी सांग, तू जेवतीस कधी? दिवाळीत तुझ्याकडं आले होते तेव्हा बघत होते मी, घरातल्या सगळ्यांचं उरकलं, तीन वाजत आले आणि तू ओट्यापाशी उभी राहून कढईच्या तळाला राहिलेली मेथी भाकरीच्या तुकड्यानं पुसून खाल्लीस आणि वर लगेच कपभर चहा. झालं जेवण! त्या मेथीतलं थोडंफार लोह अंगी लागायचं तर ते पण चहानं अडवलं. आमच्या सासूबाईंच्या राज्यात मी पण अशीच जेवायचे, म्हणून डोळ्यात आलं.

तर चहा जेवणापासून तासभर लांब ठेव, ताटात लिंबाची फोड घे, भाजी लोखंडी कढईत कर. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, चाकवत, राजगिरा, अंडी, हे सगळं आपल्या बाजारातच मिळतंय की. बेदाणा पण खा मूठभर, पण त्यानं हिमोग्लोबिन धाडकन वाढतं हे काय खरं नाही. 12 च्या खाली असलं तर लोहाची गोळी लागतेच, नुसत्या बीट-खजुरावर बसू नकोस. ज्वारी का बाजरी असलं विचारत बसू नको, जे घरात आहे ते पोटभर खा.

फॉलिक ॲसिडची गोळी मात्र आजपासून, दिवस राहायची वाट न बघता. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यापासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कितीतरी बायकांना तोवर पत्ताच नसतो. रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं, पण मेडिकलवाला बऱ्याचदा 5 मिलिग्रॅमची हातात ठेवतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घे. शुगर असेल किंवा फिटची गोळी चालू असेल तर डोस वेगळा असतो.

आता जावईबापूंचं. रागावू नकोस, पण खिशातली ती माव्याची पुडी मी बघितलीय. तंबाखूनं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी होतात, आणि नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे आज सोडलं तर फरक दिसायला तेवढे दिवस जाणारच, दोन दिवस सोडून "काय झालं नाही" म्हणायचं नाही. आणि जिममध्ये कुणी अंग भरायचं इंजेक्शन देत असेल तर तिथून पळ काढायला सांग, टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की शुक्राणू बनायचेच बंद पडतात. दंड बैलासारखे आणि रिपोर्टमध्ये शून्य, असले पैलवान माझ्यासमोर येऊन बसलेत. तपासणी बायकोचीच का होते सारखी, हे मला कधी कळलं नाही.

पीसीओडी, म्हणजे पाळी पुढं-मागं करणारा तो हार्मोनचा त्रास, आहे म्हणालीस ना, मग उपाशी राहू नको. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गी लागते. पाळी पुढं-मागं होते म्हणून वर्षभर थांबायची पण गरज नाही, थायरॉईड आणि शुगर आताच बघून घे. नाहीतर तुझं वय 28, प्रयत्न करायला लागून आठ महिनेच झालेत, बाकी बायका टोमणे मारतात म्हणून घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मुलगा होण्याची पुडी कुणी देत असेल तर सरळ मोरीत टाक, आत काय असतं देवाला माहीत.

रविवारी दोघं या, तो एकटा टाळेल, तू ओढून आण. फाईल आण सगळी. पिठलं-भाकरी करते, आणि तू माझ्याबरोबर पहिल्या पंगतीला बसायचं, वाढायला त्याला उठवू.

तुझी मावशी