राजीनाम्यावर सही करू नका, दादा

"मॅडम, कंपनीत कळलं तर नोकरी जाईल का?"

सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मी समुपदेशक आहे. एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बायको-मुलांच्या काळजीनंतर पाठोपाठ हाच प्रश्न येतो. कधीकधी तर आधीच येतो. त्याचं उत्तर एका अनुभवातून देते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, काम करणारे हे दादा तीन वर्षांपासून आमच्याकडे औषधं घेत होते. रोज रात्री नऊला एक गोळी, एकदाही चुकली नव्हती. नाइट शिफ्ट असली की गोळ्यांच्या बाटलीत कापूस कोंबून न्यायचे. गेटवर बॅग तपासताना बाटली खुळखुळली तर वॉचमन विचारेल, ही भीती. त्या दिवशी ते नंबर नसताना आले आणि माझ्यासमोर घडी घातलेला एक कागद ठेवला. टाइप केलेला राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव'. खाली सहीची जागा कोरी होती.

झालं होतं असं. कंपनीत वार्षिक मेडिकल झालं, सगळ्यांचं रक्त घेतलं. कसली तपासणी करणार ते कुणी सांगितलं नाही. रिपोर्ट यांच्या हातात न येता थेट एचआरकडे गेला. तिथे यांना बोलावून सांगितलं, "गुपचूप राजीनामा द्या, तुमचीच बदनामी टळेल. हिशोब पूर्ण करून देतो."

मी पहिलं वाक्य एवढंच बोलले, "दादा, यावर सही करू नका." राजीनामा दिला की माणूस स्वतःहून गेला, असंच कागद बोलतो. मग 'मला काढलं' हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. काढायचं असेल तर कंपनीने लेखी काढावं, आणि नेमकं तेच कायद्याने अवघड करून ठेवलंय.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 चा. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही, काढताही येत नाही. काढायचंच असेल तर मालकाने त्या माणसाच्या हातात दोन कागद द्यावे लागतात. पहिला, स्वतंत्र आणि सक्षम डॉक्टरचा लेखी अहवाल, की या माणसापासून कामाच्या ठिकाणी संसर्गाचा मोठा धोका आहे किंवा तो हे काम करायला असमर्थ आहे. दुसरा, त्याला कामात वाजवी सवलत देणं कंपनीला प्रशासकीय किंवा आर्थिकदृष्ट्या का झेपत नाही, याचं लेखी निवेदन. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेल्या, आठ तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाबद्दल असा अहवाल कोणता डॉक्टर प्रामाणिकपणे लिहील?

त्यांना कोर्टाची धास्ती होती. "केस केली की नाव पेपरात येईल." तेव्हा मी त्यांना 1997 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. एका सार्वजनिक महामंडळातल्या हंगामी कामगाराला याच कारणाने नोकरी नाकारली होती. न्यायालयाने सांगितलं, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला फक्त एचआयव्हीमुळे नाकारता येणार नाही. त्या कामगाराचं नाव आजही कुणाला माहीत नाही. निकालात तो फक्त 'एमएक्स' आहे. 2017 च्या कायद्यातही टोपणनावाने दाद मागायची सोय आहे. हे ऐकल्यावर दादांनी पहिल्यांदा पाण्याचा ग्लास उचलला.

तरी केस नकोच म्हणाले. तो निर्णय त्यांचा. मग त्यांची लेखी संमती घेऊन मी आणि आमच्या जिल्हा एड्स नियंत्रण पथकातले एक अधिकारी एचआरच्या साहेबांना भेटलो. खरं सांगायचं तर ते गृहस्थ घाबरलेले होते. "प्रेसवर बोट कापलं तर? बाकीच्या पोरांचं काय?"

मालक मंडळींनी हा भाग नीट वाचावा. रक्त कुणाचंही असो, प्रथमोपचार करणाऱ्याने हातमोजे घालायचेच. कावीळ 'ब' सुद्धा रक्तातून पसरते, आणि कुणाला काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. एकाला काढून बाकीचे सुरक्षित होत नाहीत, प्रथमोपचार पेटीत हातमोजे असल्याने होतात. (त्यांच्या पेटीत नव्हते.) कॅन्टीन, संडास, एकच मशीन वापरणं, यातून संसर्ग होत नाही.

मग चुकांबद्दल बोललो. माहितीपूर्ण संमती आणि तपासणीआधीचं समुपदेशन याशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. भरतीच्या वेळी अट म्हणूनही घालता येत नाही. अशी माहिती हाताशी आली तर ती जपून ठेवायची व्यवस्था करणं संस्थेवर बंधनकारक आहे. शंभर किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यांच्याकडे तीनशेच्या वर कामगार होते, तक्रार अधिकारी नव्हता. कायद्यात राज्य पातळीवर अशा तक्रारी ऐकणारा लोकपालही आहे. त्याचा आदेश पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड, आणि पाळेपर्यंत रोज पाच हजारांपर्यंत जास्तीचा. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: हे संरक्षण बाधित माणसासोबत घरात राहणाऱ्यांनाही आहे. नवऱ्याला एचआयव्ही आहे म्हणून बायकोला कामावरून काढणंही बेकायदा.

साहेबांनी राजीनाम्याचा विषय सोडला. पण दादांना 'तुमच्याच सोयीसाठी' म्हणत स्टोअरमध्ये टाकलं. तिथे ओव्हरटाइम नाही, म्हणजे महिन्याला हाती येणारे पैसे कमी. हाही भेदभावच. त्यावर त्यांनी स्वतः अर्ज लिहिला: मला प्रेस शॉपमधून का हलवलं, ते लेखी द्या. लेखी उत्तर आलं नाही. सव्वा महिन्याने तोंडी निरोप आला, सोमवारपासून जुन्या जागी या. बातमी मात्र तोवर थोडी फुटली होती. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी डबा घेऊन दुसरं टेबल धरलं. त्यावर माझ्याकडे कलम नव्हतं. आम्ही त्याबद्दल बरंच बोललो, अजूनही बोलतो.

आता दर तीन महिन्यांनी ते औषधाला येतात. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी रुग्णालयात आल्याची चिठ्ठी लागते. पहिल्यांदा मागताना घुटमळले, "मॅडम, शिक्का..." मी त्यांच्यासमोरच एआरटीचा शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चिठ्ठीवर नुसता रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचा मारून आणला.