फ्रंटियर : सरहद्द की शीव?

अमेरिकन ‘फ्रंटियर नॉव्हेल’ला मराठीत ‘सरहद्दीवरची कादंबरी’ म्हणावं की ‘निर्जन प्रदेशातली कादंबरी’, असा प्रश्न आला आहे.

सरहद्द म्हटलं की दोन राज्यं, मधे चौकी आणि पहारा डोळ्यांपुढे येतो. खान अब्दुल गफारखानांना आपण सरहद्द गांधी म्हणतो ते अगदी बरोबर, कारण तो प्रांतच तसा होता. अमेरिकेतली फ्रंटियर म्हणजे गोऱ्यांची वस्ती जिथे संपते ती कड, आणि ती सारखी पश्चिमेकडे सरकत होती. जेम्स फेनिमोर कूपरच्या कादंबऱ्यांतला शिकारी नॅटी बम्पो वस्ती जवळ आली की पुढे निघून जातो. १८९०च्या जनगणनेनंतर अशी सलग रेषा आता उरली नाही, असं जाहीर झालं. काउबॉयची गाजलेली कादंबरी ‘द व्हर्जिनियन’ १९०२ची, म्हणजे कड पुसली गेल्यानंतरची.

मला उत्तर सापडतं ते जी. ए. कुलकर्णींकडे. अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टरच्या ‘द ट्रीज’, ‘द फील्ड्स’ आणि ‘द टाउन’ या तीन कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, त्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी. ‘झाडं’ नाही, ‘शेतं’ही नाही. शेत एकाचं असतं, शिवार साऱ्या गावाचं. शिवारात शीव आहे, आणि शीव म्हणजे सीमा. मुंबईतलं शीव हे नावही त्यातलंच. शिवेच्या आतली जमीन ते शिवार, पलीकडे रान. ओहायोच्या गच्च जंगलात या कादंबऱ्यांची नायिका सेवर्ड झाडं तोडत आयुष्य काढते, तेव्हा ती ही शीवच पुढे ढकलत असते. किती नेमका शब्द निवडला आहे जीएंनी!

यावर कुणी म्हणेल, आपली शीव तर हलत नाही, शिवेचा दगड सरकवला की भांडणं होतात. खरं आहे. म्हणून मी ‘सरकत्या शिवेची कादंबरी’ म्हणेन. भांडणाची आठवण त्यात राहते, हेही मला हवंच आहे. रिक्टरच्याच ‘रानातील प्रकाश’मध्ये लेनापे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांत वाढलेल्या गोऱ्या मुलाला सक्तीने जन्मदात्यांकडे परत पाठवतात. त्याचं घर रानातच असतं. शीव ओलांडून आत आले ते गोरे. ‘निर्जन प्रदेश’ हा शब्द म्हणूनच मला अजिबात मान्य नाही.