टोकियो–क्योतो–ओसाका–टोकियो अशा आठवड्याच्या सहलीसाठी जपान रेल पास घ्यावा का?

नाही, एवढ्याच मार्गासाठी पास (ठरावीक दिवस जेआर कंपन्यांच्या गाड्यांनी जपानभर हवं तितकं फिरता येणारं तिकीट) घेऊ नका. सुटी तिकिटं बरीच स्वस्त पडतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 येनवरून थेट 50,000 येन झाली. शिंकानसेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने, टोकियोहून ओसाकाला जाऊन-येऊन साधारण 30,000 येन लागतात. अगदी हिरोशिमापर्यंत जाऊन परत आलात तरी खर्च 40,000 च्या आसपासच राहतो. जुन्या प्रवासवर्णनांत ‘पास घ्याच’ असं वाचलं असेल, तर तो सल्ला या दरवाढीआधीचा आहे. शिवाय सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीत पास असूनही वेगळा अधिभार भरावा लागतो, आणि टोकियोची मेट्रो पासमध्ये येतच नाही.

मात्र त्याच सात दिवसांत हिरोशिमा करून पुन्हा उत्तरेला सेंदाईलाही जाऊन येणार असाल, तर पास नक्की वसूल होतो. दिवस सलग मोजले जातात, म्हणून लांबचे प्रवास शेजारशेजारच्या दिवसांत बसवा आणि टोकियोतला मुक्काम पासच्या मुदतीबाहेर ठेवा. पास घेणारच असाल तर एक गोष्ट विसरू नका: विमानतळावर पासपोर्टवर ‘तात्पुरता अभ्यागत’ हा शिक्का मारून घ्या. पासपोर्ट तपासणीच्या स्वयंचलित दारातून बाहेर पडलात तर तो मिळत नाही, आणि पर्यटकांना त्याशिवाय पास हातात देत नाहीत.